भट्टीवाल्याचा तळहात

प्रिय चिमणे,

आपल्या पावाच्या भट्टीचं लोखंडी दार पहाटे करकरायचं, तो आवाज अजून कानात आहे. तू त्या आवाजाने कूस बदलायचीस आणि पुन्हा झोपायचीस. भट्टी बंद होऊन नऊ वर्षं झाली, तरी जाग मला त्याच वेळेला येते.

पिठ्याला माझ्याकडे सोडताना तू बजावलं होतंस, बाबा, उन्हाळ्यात आधी रस्त्याला हात लावून बघा, दहा आकडे होईपर्यंत सोसला नाही तर कुत्र्याला बाहेर काढायचं नाही. मी एकही दिवस चुकलो नाही. फाटकाबाहेर वाकून तळहात डांबरावर टेकवायचो आणि आकड्यांऐवजी चौथीतल्या कवितेचं एक कडवं चालीवर म्हणायचो. समोरचा शिंपी हसायचा, म्हणायचा, काका रस्त्याची नाडी बघतायत.

मंगळवारी सकाळचं फिरणं राहिलं, म्हणून दुपारी तीनला निघालो. हात टेकवला, अख्खं कडवं म्हटलं, काही भाजलं नाही. पिठ्या पाय झटकत होता, मला वाटलं नखरे करतोय. टपालपेटीपाशी तो खालीच बसला. उचलून बघतो तर पंजांची कातडी सोललेली. तसाच छातीशी धरून दवाखान्यात नेला. हात लावून बघितला होता हो, असं मी डॉक्टरीणबाईंना परत परत सांगत होतो. त्यांनी माझा तळहात अंगठ्याने दाबून पाहिला, काय काम करायचात म्हणून विचारलं. मी सांगितलं, जन्मभर पावाच्या भट्टीतले तापलेले पत्रे उचलले.

"मग या हाताला काय कळणार, आजोबा? पालथा लावायचा."

तू लहान असताना तुझ्या कपाळाला हात लावून मी ताप नाही म्हणायचो आणि तुझी आई मला बाजूला सारायची. तेव्हाच कळायला हवं होतं.

परवा फोनवर तू विचारलंस, पिठ्या कसा आहे, आणि मी मजेत म्हणालो. ते खोटं होतं. तोंडाने सांगवेना, म्हणून हे पत्र. चार दिवस तो पोत्यावरून उठलेला नाही, मी जवळ गेलो की तोंड फिरवतो. त्याला घेऊन जा. मी अडवणार नाही, फक्त

थांब, दारात काहीतरी घासल्यासारखं वाजलं. आठवडाभर उठणार नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला पिठ्या, चारही पायांना बँडेज बांधलेला, उंबरठ्यावर उभा आहे. आज फिरायला नाही रे, म्हटलं. तर माझ्या चपलेवर हनुवटी टेकून बसला.

तुझाच,
बाबा