बावीसपैकी वीस

कवठवाडी (सिद्धेश्वर)
४ ऑगस्ट २०२४

चि. रत्नपाल,
जय भीम आणि अ. उ. आ.

पत्रास कारण की फोनवर तू साहेबासारखा बोलतोस. कागदावर तरी माझा धाकटा भाऊ राहशील, अशी आशा.

जिल्ह्याच्या शिक्षण ऑफिसात बसून तू तयार केलेलं बारा आठवड्यांचं वाचनाचं नियोजन आमच्या शाळेत आलं. छपाई सुरेख आहे. पाचव्या आठवड्यात जोडाक्षरं, आठव्यात उतारा! इथे चौथीतल्या निम्म्या पोरांना 'म' आणि 'भ' वेगळे ओळखू येत नाहीत.

सृष्टीचं सांगते. चौथीत आहे, धरणावर मासे धरणाऱ्या संतरामची मुलगी. ओळीवर बोट फिरवत खडाखडा धडा वाचते; मला तिचं फार कौतुक. परवा वारा आला आणि पान उलटलं. तिचं वाचन तसंच चालू राहिलं, मागच्याच पानाचं. पुस्तक मिटून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाली, की बाई, मला ऐकून पाठ व्हतंय, बघून न्हाई येत. तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यातलं एक वर्ष माझं आहे.

तिसरी-चौथीच्या बावीसपैकी चार मुलं वाचतात. तोच आकडा कळवला आहे. वेळेवर जेवत जा, आणि रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी ताई,
शीतल


हिंगोली
११ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सविनय जय भीम, वि. वि.

लहानपणी पाढे चुकले की तू पट्टी दाखवायचीस. तुझं पत्र वाचताना अजून तळहात मागे घेतो.

मी तीस आठवड्यांचंच नियोजन केलं होतं. साहेब म्हणाले, एवढा वेळ काहून लागतो, डिसेंबरात आढावा आहे, बारा आठवड्यांत बसवा. मी बसवलं. बसवताना समोर पोरं नव्हती, तारखा होत्या.

मागच्या बैठकीत कमी आकड्यांच्या शिक्षकांना उभं केलं. एक बाई रडल्या. मी कागद चाळत बसलो. तुला तसं उभं केलेलं मला बघवणार नाही. आकड्यांत जरा हात सैल सोड, सगळेच सोडतात.

आईचे गुडघे बरे आहेत. मोठी आहेस, सांभाळून घे.

तुझा,
रत्नपाल


कवठवाडी
१४ डिसेंबर २०२४

चि. रत्नपाल,
जय भीम, अ. उ. आ.

तुझं नियोजन मी कपाटात ठेवलं. सृष्टीला तिच्या घरचेच शब्द दिले: गळ, मरळ, धरण. काना नाही, मात्रा नाही. मागच्या आठवड्यात तिने फाटकावरच्या पाटीवर 'धरण' एवढा एक शब्द स्वतः वाचला आणि घाबरून माझ्याकडे बघितलं. संतराम रोज विचारतो, पोरगी वाचती का. ती सांगते, अजून थोडं थोडं.

आता बावीसपैकी नऊ वाचतात. मागे पडलेल्या शाळांना जानेवारीपासून एक जादा शिक्षिका आणि गोष्टींच्या पुस्तकांची पेटी मिळणार, असं ऐकलं. बैठकीत मला खुशाल उभं कर. त्या यादीत आमचं नाव येऊ दे, एवढंच मागते. पाचवीला पोरं बाहेरगावच्या शाळेत जातील. तिथे पुन्हा 'म'पासून कोण शिकवणार?

थंडी आहे, आईला शाल दे. आठवण ठेव.

शीतल


कवठवाडी
३० जानेवारी २०२५

रत्नपाल,
जय भीम.

सव्वीस तारखेला झेंडावंदनानंतर आमच्या शाळेला प्रमाणपत्र मिळालं. सरपंचांनी मोठ्याने वाचलं: बावीसपैकी वीस मुलं वाचतात. मी पाठवलेल्या तक्त्यात नऊ होते.

मग पाहुण्यांनी पुढे बसलेल्या सृष्टीला वाचून दाखवायला उठवलं. दुसऱ्या कोणाला घ्या, असं मी म्हणेपर्यंत ते प्रमाणपत्रच तिच्या हातात दिलं होतं. सगळा जोडाक्षरांचा कागद. तिने त्यात ओळखीचा शब्द शोधला. सापडला नाही, तेव्हा पाठ असलेला धडा म्हणायला लागली. लोक हसले. संतराम उठून आला, म्हणाला, वीस पोरं वाचून राहिलीत अन् माझंच लेकरू त्या दोनांत हाय व्हय, मंग उगं तकलीफ कशाला घेता बाई. हात धरून तिला घेऊन गेला. तेव्हापासून ती आईबरोबर हळद काढायला जाते.

जादा शिक्षिका शेजारच्या गावाला मिळाली. पेटीही. आमच्या पोरांना गरज नाही म्हणे.

तुमच्या ऑफिसात आकडे कोण भरतं, ते कळव.

शीतल


हिंगोली
६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
जय भीम.

आकडा मी बदलला.

तुला वाचवतोय, असं स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं. नऊ लिहिलं असतं, तर माझं नियोजन माझ्याच बहिणीच्या शाळेत फसलं, हे सगळ्यांना दिसलं असतं.

काल साहेबांना सगळं लेखी दिलं. त्यांनी कागद वाचला, यादी आता पुढच्या वर्षीच उघडेल म्हणाले. जूनपासून मला कनेरगाव नाक्याकडच्या एका शाळेवर पाठवणार आहेत. त्याचं दुःख नाही. रविवारी येतो. संतरामला मीच सांगतो.

माया कर म्हणायला तोंड नाही.

रत्नपाल


कवठवाडी
२० एप्रिल २०२५

चि. रत्नपाल,
जय भीम.

तू येऊन गेलास, संतरामपुढे हात जोडलेस. त्याने चहा पाजला, ऐकून घेतलं, पण पोरीला पाठवलं नाही. शालूबाईचं, म्हणजे तिच्या आईचं म्हणणं, की शिकलेली माणसंच खोटं लिहून राहिलीत, तर आमी काय बघून पोरगी पाठवावी.

शाळा सुटली की मी हळद शिजवतात तिथे पुस्तक घेऊन जायचे. सृष्टी कढईपाशी बसून ऐकायची. पानाकडे मात्र बघायची नाही.

काल तिने आपणहून तोंड उघडलं. विचारलं, की बाई, खरं सांगा, त्या कागदावर मी विसांत व्हते का दोनांत. तू भरलेल्या यादीत तिचं नाव वाचणाऱ्यांतच होतं. आता तिच्याशी आणखी एक खोटं नको, म्हणून सांगितलं, की विसांत. तिने हात पुसले, पुस्तक मिटून माझ्या पिशवीत घातलं आणि म्हणाली, मंग झालं की बाई, आता शिकायचं काय राह्यलं?

तुझ्यावरचा लोभ गेलेला नाही. बाकी काही लिहवत नाही.

ताई