पियानोच्या डाव्या बाजूकडून

सदर, नागपूर
१९ मे

चिरंजीव म्हणावं तर तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी, आणि तीर्थरूप म्हणावं असं तू काही केलेलं नाहीस, म्हणून नुसतंच प्रिय प्रियदर्शनी,

तुझे गुडघे कसे आहेत? दर हिवाळ्यात नागपूरला न येण्याची जबाबदारी तेच सांभाळतात, म्हणून त्यांची चौकशी आधी. भोपाळला बाकी सगळे बरे असतील. मी बरी नाही. माझ्या घरात अल्बम चालू आहे.

फोटोंचा नव्हे. माझ्या भावाची नात मयुरी पियानो वाजवते, अश्विन नावाचा मुलगा बेस गिटार आणि प्रज्वल नावाचा ड्रम. या प्रकाराला जॅझ-फंक म्हणतात. कुणी गात नाही, ही त्यातली सभ्य बाजू. बेस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, निवृत्त माणसं सांगतात तशी, आणि पियानो मध्येच भलतं काही बोलून पळून जातो. पहिले दोन दिवस मला ते भांडण वाटलं. तिसऱ्या दिवशी भाजी चिरताना माझी सुरी त्यांच्या ठेक्यात चालू लागली, तेव्हा मी सुरी ठेवून विळी घेतली.

गावात स्टुडिओ आहेत, पण मुलांना खरा पियानो हवा होता, आणि तो माझ्याकडे आहे. आपल्या कॉन्व्हेंट शाळेचा, हॉलमधला. शाळेने तो काढून टाकला तेव्हा मी घेतला, हे तुला कळवलं होतं. तू उत्तरादाखल अंगठा पाठवला होतास. (नुसता अंगठा, प्रियदर्शनी.) तर माझ्या बैठकीचा स्टुडिओ झाला. खिडक्यांना गाद्या, दाराला रजया, आणि कुलर बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये येतो. मे महिन्यात, नागपुरात, आणि तेहतीस वर्षं खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरी केलेल्या बाईच्या घरात. बाबूलाल म्हणून पेट्या दुरुस्त करणारा एक आहे. त्याने सकाळभर बसून पियानो सुरात लावला होता, तोही कुलरसमोर, म्हणजे लाकूड ओलाव्याने फुगलेलं असताना. कुलर बंद झाला, खोली तापली आणि अर्ध्या तासात पियानो बेसूर. बाबूलालला परत बोलावलं. त्याने झाकण उघडलं, आत हात घातला आणि दोष मलाच दिला. "बाई, तुमीच याले कुलरची सवय लावून ठेवली. आता तो बिना कुलरचा काहून गाईन?" शेवटी तोड निघाली: कुलर लावायचा, पियानोचं डोकं शांत झालं की बंद करून वीस मिनिटं वाजवायचं, मग पुन्हा कुलर. म्हणून या अल्बममधलं एकही गाणं लांब नाही. पुढेमागे कुणी समीक्षक त्याला संयम म्हणेल.

कुलरच्या वेळेत मुलं फरशीवर आडवी पडायची आणि पियानो रिकामा असायचा. एकदा मी बसले आणि बक्षीस समारंभाचा आपला तो मार्च वाजवला. मयुरी उठून आली. "आजी, हे काय वाजवून राहिली तू? पुन्हा वाजव ना." अश्विनने ते गिटारवर उचललं, प्रज्वलने खाली ड्रमच्या पॅडलवर पाय दिला (त्याचे आजोबा उमरेडला माग चालवायचे, त्या घरच्या पायांना ठेका शिकवावा लागत नाही) आणि माझा मार्च कंबर हलवत चालू लागला. सिस्टरांनी आम्हा चौघांनाही वर्गाबाहेर उभं केलं असतं. मग मयुरीने विचारलं, याचा वरचा भाग कुठे आहे?

काय सांगू तिला? एक पियानो, चाळीस मुली, म्हणून सिस्टर एका बाकावर दोघींना बसवायच्या. चार हातांचे तुकडे; तू उजवीकडे, मी डावीकडे. सात वर्षं मी खालचा अर्धा भाग शिकले. मग तुझ्या वडिलांची बदली झाली, आणि मला येणाऱ्या प्रत्येक तुकड्यात आजही नुसती जमीन आहे, वर कुणी राहत नाही. वरचे सूर मला ऐकू येतात, पण बोटांना येत नाहीत. मयुरीने स्वतःचं काहीतरी तिथे बसवून पाहिलं. छान होतं. मी नको म्हटलं. तिने कारण विचारलं, तर मी कुलरमध्ये पाणी भरायला निघून गेले.

तेव्हा स्पष्ट लिहिते, मी काही मागत नाही. मुलांचं काम अडलं आहे म्हणून कळवते. ध्वनिमुद्रण २८ तारखेपर्यंत आहे. वीस मिनिटं बसायचं, त्याला गुडघे लागत नाहीत. (पॅडल मी सांभाळेन. तेव्हाही मीच सांभाळायचे.)

तुझी,
शामला

ता. क. भोपाळहून येणाऱ्या गाड्या मी पाहिल्या आहेत, सहज. तुझ्या वयाच्या बायकांना खालचा बर्थ मिळतो.

आणखी एक ता. क. मयुरीने हे पत्र वाचलं आणि "आजी, खोटं नको लिहू" म्हणाली. तर, अल्बम गेल्या मंगळवारीच पूर्ण झाला. माझा मार्च त्यात सहावा आहे, त्याच्यावर काहीही नाही, आणि मुलं म्हणतात तो तसाच चांगला आहे. गाद्या काढल्या, दोघं मुलं आपापल्या घरी गेली. कुणाचंही काम अडलेलं नाही. मी रोज दुपारी वाजवायला बसते, ती डावीकडे सरकूनच बसते. तू ये.