'खारे हात' ही तबकडी, राहते घर आणि इतर गोष्टींबाबत ओर्नेला ब्राटुलिच हिचे अखेरचे म्हणणे

मी, खाली सही करणारी ओर्नेला ब्राटुलिच, वय वर्षे त्रेसष्ट, व्यवसाय गायन, राहणार रियेका, मासळीबाजारामागची गल्ली, चौथा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण ते ठिकाणावर नव्हते असे म्हणायला कोण कोण पुढे येईल, याची मला साधारण कल्पना आहे. स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राला आपल्याकडे साक्षीदार लागत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. त्या इतक्या खात्रीने म्हणाल्या की मी त्याच दिवशी दोन साक्षीदार शोधले. त्या दोघांना यातून काहीही मिळणार नाही. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे, रागाच्या भरात केलेली धरून, रद्द समजावीत.

१. राहते घर माझ्या बहिणीची मुलगी निवेस हिला द्यावे. गेल्या नाताळात ती फ्रितुलेचा, म्हणजे तळलेल्या गोड गोळ्यांचा, डबा घेऊन आली आणि डबा टेबलावर ठेवायच्या आत तिने पर्समधून मोजपट्टी काढून खिडकी मोजली.

"हे काय चाललंय?" मी विचारले.

"मावशी, तुला नवे पडदे शिवून देते ना. उजेडाने त्रास होतो म्हणालीस."

पडदे अजून आलेले नाहीत. तरीही घर तिलाच, कारण दुसरे कोणी मोजायलासुद्धा येत नाही. अट एकच: स्वयंपाकघरातल्या भिंतीला आवाज अडावा म्हणून लावलेले अंड्यांचे पुठ्ठे काढू नयेत. मी तिथे गाते, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई ऐकत असतात.

२. बँकेत जे आहे त्यातून माझा अंत्यविधी करावा. पाद्री चालेल. 'गंज' या आमच्या जुन्या बँडचे एकही गाणे वाजवू नये. झ्द्रावको पेरुश्को गिटार घेऊन आल्यास त्याला बसायला खुर्ची द्यावी, वीज देऊ नये.

३. माळ्यावरचा मोठा ॲम्प्लिफायर सदर झ्द्रावको पेरुश्को यास द्यावा. तो आपलाच आहे असे तो सर्वत्र सांगत आला आहे. मी तो त्याला देत आहे, यावरून तो माझा होता हे सिद्ध होते.

४. आता मुख्य गोष्ट, म्हणजे 'खारे हात'ची मूळ टेप. ती सध्या बँकेच्या पेटीत आहे. तिचे काय करायचे ते सांगण्यापूर्वी ती काय आहे हे सांगणे भाग आहे, नाहीतर माझ्यामागे प्रत्येकजण आपापली हकीकत सांगत सुटेल.

सात वर्षे मी 'गंज'मध्ये गायले. गाणी आम्ही सगळे मिळून गोदीजवळच्या एका तळघरात करायचो. अर्धे शब्द माझे असायचे. तबकडी निघाली की कंसात एकच नाव छापलेले असायचे: झ्द्रावको पेरुश्को. मी विचारले की तो म्हणायचा, "अगं नेला, नावाचं काय एवढं? लोक तुझा आवाज ऐकतात, माझं नाव वाचतात. वाटणी बरोबर आहे." चौऱ्याऐंशी साली मी त्या तळघरातून बाहेर पडले आणि एकटीची तबकडी करायचे ठरवले.

माझी आई, यूफेमिया, जिला सगळे फूमा म्हणत, लाबिनकडच्या खेड्यातली. सार्डिन डबाबंद करण्याच्या कारखान्यात तिचे आयुष्य गेले. तिच्या हातांना कायम मिठाच्या भेगा असायच्या. तबकडीचे नाव तिथून आले. त्याच नावाचे गाणे मी तिच्यासाठी लिहिले, आणि चालही आमच्या खेड्याकडच्या धाटणीची. त्यात दोन बायका अगदी जवळजवळच्या सुरांत, एकमेकींना घासत गातात आणि शेवटी एकाच सुरात येऊन थांबतात. खाली ड्रम आणि बास. असे कोणी केले नव्हते. दुसरा आवाज आईचा हवा, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

ध्वनिमुद्रण ल्युब्लियानाला, हिवाळ्यात. ध्वनिमुद्रक मेटोड हिबेर्निक, शांत आणि सरळ माणूस, निदान मला तसे वाटले. आई बसने आली. पिशवीत उकडलेली अंडी, चीज आणि स्वतःची उशी. हेडफोन डोक्यावरच्या रुमालावर नीट बसेनात, आणि रुमाल काढायला ती तयार नव्हती.

"फूमाबाई, याशिवाय तुम्हाला नेला ऐकू येणार नाही," मेटोड म्हणाला.

"पोटात होती तेव्हापासून ऐकतेय मी हिला," आई म्हणाली. "तू तुझी चाकं फिरव."

तिने एकदाच गायले. गाणे संपल्यावर मेटोडने टेपची चाके थांबवली. आईने विचारले, "झालं? मग अंडी खाऊन घ्या."

सगळ्या आवाजांची शेवटची जुळणी व्हायची त्या आठवड्यात मला छातीची सर्दी झाली आणि मी रियेकाला अंथरुणात पडले. वसंत ऋतूत तबकडी हातात आली. मी ती गावातल्या घरी, आईसमोर लावली. 'खारे हात' सुरू झाले आणि त्यात आई नव्हती. मी एकटी होते. त्या चालीतला एक आवाज काढला की उरलेला वाकडा वाटतो, जणू गाणाऱ्याला सूरच सापडत नाही. आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "छान झालंय, पोरी."

मी मेटोडला फोन केला. तो म्हणाला, "तो भाग टेपवर खराब झाला होता. माफ कर." तो पटकन बोलला, आणि मेटोड कधीच पटकन बोलत नसे. मग बासवाल्याकडून कळले की त्याच आठवड्यात झ्द्रावकोची झास्तावा गाडी ल्युब्लियानात, स्टुडिओच्या दारात उभी होती. मी कोर्सोवरच्या कॉफीच्या दुकानात त्याला गाठले.

"तू ल्युब्लियानाला कशाला गेला होतास?"

"काम होतं."

"कुणाचं?"

"होतं कुणाचं तरी," असे म्हणून त्याने कपात बघितले. मला तेवढे पुरले.

पुढे तरुणांच्या एका साप्ताहिकात परीक्षण आले. खाली टोपणनाव. त्यातले एक वाक्य सगळ्या शहराला पाठ झाले: "एकटीने गायचे ठरवलेच आहे, तर निदान सुरात गावे." लोक मला बाजारात ते ऐकवायचे. मासळी तोलता तोलता कोळीण विचारायची, "काय नेला, आज सुरात आहेस ना?" मैफिली रद्द झाल्या. दुकानांत 'खारे हात' दारापाशी, स्वस्त मालाच्या खोक्यात जाऊन बसली. मी लग्नांत आणि हॉटेलांत गाऊ लागले. ते परीक्षण झ्द्रावकोनेच लिहिले, अशी माझी खात्री होती. तो बोलायचा तसेच ते होते. त्याच्याशी मी बोलणे टाकले. तो समोरून आला की मी रस्ता ओलांडायचे, मग पलीकडे बोरा वारा कितीही सुटलेला असो. आई एक्याण्णव साली गेली. दफनाला तो आला होता. मी त्याच्या हातातली फुले घेतली नाहीत.

गेल्या वर्षी झाग्रेबच्या एका छोट्या कंपनीतून डोरा नावाची मुलगी आली. 'खारे हात' पुन्हा काढायची आहे म्हणाली. पोरे म्हणे ती जुनी तबकडी शोधत फिरतात. मी तिला चहा दिला आणि दार उघडेच ठेवले. कोणाला इतक्या वर्षांनी अचानक माझे कौतुक वाटू लागले की मी आधी पर्स कुठे आहे ते बघते. पण तिने एक गोष्ट विचारली.

"ताई, शीर्षकाच्या गाण्यात दुसरी कोणीतरी आहे ना? मागे, अगदी बारीक. तुमच्या माइकमध्ये कुणाचा तरी आवाज झिरपलाय."

मूळ टेप मेटोडने सांभाळून ठेवली होती. मी डोराला घेऊन ल्युब्लियानाला गेले. मेटोड आता काठी घेऊन चालतो. त्याने टेप लावली, आणि आई खोलीत आली. एक तडा नाही, एक खरखर नाही.

"खराब झाली होती ना रे टेप?" मी म्हणाले.

त्याने टेप थांबवली. मग म्हणाला, "तुझी आई आली होती परत. तू आजारी होतीस तेव्हा. म्हणाली, माझा आवाज काढ."

"लाज वाटली तिला? खेडवळ वाटेल म्हणून?"

"लाज? फूमाबाईंना?" तो हसला. "मी म्हटलं, गाण्याचा जीव जाईल. तर म्हणाल्या, 'सात वर्षं त्या पोरांनी माझ्या पोरीच्या आवाजावर आपली नावं डकवली. आता कुठे एकटीचं काही करतेय, तर तिथे आईला टेकून उभी राहिली म्हणतील. एकटीची तबकडी आहे ना? मग एकटीची राहू दे.' आणि मला शपथ घातली."

मेलेल्या माणसावर ढकलणे सोपे असते. मी त्याला तसे तोंडावर म्हणाले. "कशी आली ती? बसने? फेब्रुवारीत, बर्फात? डोंगरातल्या बसेस बंद होत्या."

"गाडीने आली. तुमच्या गिटारवाल्याने आणलं. तो खाली गाडीतच बसून होता, काचा पुसत."

टेप घेऊन रियेकाला परतल्यावर मी झ्द्रावकोला मासळीबाजारात गाठले. तो कालवे निवडत होता. केस गेलेत, पण अंगठ्या तशाच आहेत.

"आईला तू नेलंस?"

त्याने हातातले कालव खाली ठेवले. "कळलं तर शेवटी. गाडी माझ्याकडेच होती. तुझी आई दारात उभी राहिली आणि म्हणाली, चल. आणि म्हणाली, नेलाला कळता कामा नये."

"आणि तू इतकी वर्षं गप्प बसलास? तू?"

"तुझ्या आईला नाही म्हणायची हिंमत तुझ्यात तरी होती का गं? आत काय केलं ते मला माहीत नव्हतं. तबकडी ऐकली तेव्हा कळलं."

"आणि ते परीक्षण?"

"नेला, मी लिहिलं असतं तर खाली नाव टाकलं असतं. मी माझं नाव कुठेही टाकतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहितीये?"

हे उत्तर मला निम्मे पटले. उरलेल्या निम्म्याबाबत माझा संशय कायम आहे आणि तो मी कोणालाही वारसाहक्काने देत नाही. त्या टेपच्या बाबतीत तो निर्दोष आहे, एवढे मी येथे लेखी देते. सात वर्षांच्या गाण्यांचे मात्र तसेच राहिले आहे. त्याबद्दल मी त्याच्यावर लावलेला दावा वकीलबाईंनी माझ्यामागेही चालू ठेवावा. झ्द्रावको हरेल तेव्हा त्याला मालवाझिया वाइनचा एक पेला पाजावा.

५. तर टेपबाबत. सदर टेप मी डोराच्या कंपनीला वापरायला देते, मालकी निवेसची राहील. 'खारे हात' हे गाणे आईच्या आवाजासह काढावे. आईची इच्छा याच्या उलट होती, हे मला माहीत आहे. मी त्यावर वर्षभर विचार केला. सुरुवातीला मला तिचा फार राग आला. माझ्यासाठी म्हणून तिने माझे गाणे मोडले, शहर मला हसले, आणि तिने खिडकीतून बाहेर बघत छान झालंय म्हटले. मग वाटले, तेव्हा तिला ते किती जड गेले असेल. मग पुन्हा राग आला. ती हयात असती तर मी तिच्याशी कडाकडा भांडले असते आणि जिंकले असते, कारण या बाबतीत मला तिच्यापेक्षा जास्त कळते. ते भांडण राहून गेले, म्हणून निकाल मी एकटीने देत आहे. वेष्टनावर दोघींची नावे एकाच आकारात छापावीत: ओर्नेला ब्राटुलिच, फूमा ब्राटुलिच. आईचे वर छापले तरी चालेल. जुन्या वेष्टनावर कोपऱ्यात 'एकल गायन' असे होते, ते काढून टाकावे.

डोराने वेष्टनासाठी आईचा फोटो मागितला तर कारखान्यातला देऊ नये. त्यात ती डोळे मिटून आहे.

६. सहीपूर्वी साक्षीदारांना आपण कशावर सही करतो ते कळावे, म्हणून मी दोघांना स्वयंपाकघरात बसवून टेपच्या प्रतीवरून ते गाणे ऐकवले. खालच्या मजल्यावरच्या बाई आमंत्रण नसताना दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनाही ऐकू दिले. गाणे संपल्यावर दंतवैद्य कोराडो स्तिपानिच चष्मा पुसत म्हणाले, "नेला, यातला तुझा आवाज कुठला?"

मी सांगायला तोंड उघडले. मग पुन्हा लावून ऐकले. सुरुवातीला मी कोण ते सांगता आले. शेवटाकडे, जिथे दोन्ही आवाज एका सुरात येतात, तिथे मलाही सांगता आले नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिले आहे, दोनदा, आणि मध्ये कोणी काही घुसवलेले नाही याची खात्री करून सही करत आहे.

ओर्नेला ब्राटुलिच (सही)

साक्षीदार:
कोराडो स्तिपानिच, दंतवैद्य, दुसरा मजला (सही)
ग्राच्येला उयचिच, मासळीविक्रेती (सही)

तसेच, तिसऱ्या मजल्यावरील झोर्का मालनार, ज्यांनी सही करण्याचा आग्रहच धरला (सही)

स्थळ: रियेका
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१७