अकरा वेळा दहा

१७ जाने. ५६, मंगळ.
मुंबई केंद्राकडे जाणार म्हणून शहर पेटलंय, तरी वर्ग घेतला. ट्राम बंद, गिरगावाहून लालबागच्या व्यायामशाळेत चालत. पाचच जण. बैजिक वजाबाकी. कंसाबाहेर उणे असलं की आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदला, घसा फोडून सांगतो. गिरणी सुटून आलेली माणसं, माना डोलावतात आणि पहिल्याचंच बदलतात. फळ्यावर दिलं:
(५क्ष² − ३क्ष + ४) − (२क्ष² + ४क्ष − ६)
शेवटचं पद उणे दोन. तातू राणे म्हणे, "गुरुजी, माका धाच येता." गिरणीत मागावरचा साचेवाला, चाळिशीचा. मॅट्रिक होऊन टाइमकीपर व्हायचंय आणि अक्कल मला शिकवतो! बाकीच्यांना सोडलं, त्याला बसवलं. बरोबर आल्याशिवाय उठायचं नाही म्हटलं. वीसेक मिनिटांनी उणे दोन आणलं एकदाचं. लाल खूण करून सोडला.

१९ जाने., गुरु.
राणे गेला. परवाच. वर्गातून घरी जाताना नाक्यावर पोलिसांची गोळी लागली. बाकीचे चौघे तोवर घरी पोचून चहा पीत होते.
वीस मिनिटं.

३० जाने., सोम.
काल तेरावं झालं, म्हणून आज परळला त्याच्या खोलीवर गेलो. राणेबाईंनी वही देव्हाऱ्यात ठेवलीय. काढून दाखवली. तेच गणित पानभर. प्रत्येक पदाखाली बदललेलं चिन्ह, बारीक अक्षरात, मी शिकवलं तस्सं. अकरा वेळा अधिक दहा. बाराव्यांदा खाली चिन्हंबिन्हं काही नाहीत, नुसतं उणे दोन. त्यावर माझी खूण.
बाई म्हणाल्या, "शेवटचा गणित बरोबर इला मां त्यांचा?"
हो म्हटलं.
घरी येऊन करून पाहिलं. चारातून उणे सहा वजा. दहा. दहाच. बावीस वर्षं लोकांवर ओरडतोय, आणि शेवटच्या पदाचं चिन्ह बदलायला मीच विसरलो. सुटका व्हावी म्हणून माझी चूक मला लिहून दिली बिचाऱ्याने.

११ फेब्रु., शनि.
हिला सांगितलं. म्हटलं, जाऊन राणेबाईंपाशी कबूल करतो. ही म्हणाली, "तुमचं मन हलकं होईल हो. तो उगाच बसला होता हे कळल्यावर त्या बाईने काय करायचं?" गेलो नाही.
वर्गात फळ्याकडे तोंड केलं की मागून ऐकू येतं, माका धाच येता. वळून बघतो. त्याच्या जागी कोणी बसत नाही.

५ मार्च, सोम.
राणेबाई वर्गात आल्या. जुनी सातवी पास. म्हणाल्या, यांचं राहिलं तिथून पुढे शिकायचं, कुठे नोकरी मिळाली तर बघायचं. हातात तीच वही. नाही कोणत्या तोंडाने म्हणू? बसल्या त्याच्याच जागेवर.

१९ मार्च, सोम.
बाई हुशार. एकदा सांगितलं की पुरे. मला नेमकी त्याचीच भीती वाटते. वजाबाकीचा धडा मुद्दाम मागे ठेवलाय. लाज वाटते.

२० एप्रिल, शुक्र.
आज तिने त्याचंच गणित सोडवायला घेतलं. मी दिलं नव्हतं. दहा आलं. पुन्हा केलं, दहा. वही माझ्यापुढे सरकवली. "त्यांचा बरोबर आसा, तुमची खूण आसा. माझा खंय चुकता ता सांगा."
उद्या बघू म्हटलं. वर्ग सुटला, बाकीचे गेले. तुम्हीही घरी जा म्हटलं. म्हणाली, "बरोबर येयसर मी घराक जावचंय नाय."
समोर बसलीय. हे तिच्यासमोरच लिहितोय. चौथ्यांदा मांडतेय. प्रत्येक पदाचं चिन्ह बदललंय, शेवटच्याचंसुद्धा. अकरा वेळा व्हायच्या आत मला तोंड उघडायला हवं.