दोरी बांधण्यापूर्वी रांगेत असलेल्या टोपल्याबाबत

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगर परिषद, पिंपळसोंडी, जि. अमरावती.

विषय : फूलबाजारातील ओटा क्र. ३१ च्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत आलेला मानण्याबाबत.
संदर्भ : १५ ऑक्टोबर २०२५ रोजी आमच्या अर्जावर मारलेला पेन्सिलीचा शेरा, "डेडलाइन संपली."

महोदय,

१. मी, सहदेव उकंडराव मेहरे, शिक्षण आठवी, आपल्या निदर्शनास आणू इच्छितो की, ओटा क्र. ३१ वर माझी पत्नी जयवंता एकोणीस वर्षांपासून हार गुंफून विकते. उपरोक्त ओट्यावरच आमचे घर चालते. अर्जाची मुदत १५ तारखेस सायंकाळी पाचपर्यंत होती.

२. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता जयवंताने आपल्या कार्यालयाच्या अर्ज-खिडकीपुढील रांगेत चौथ्या क्रमांकावर आपले टोपले ठेवले व ती गिऱ्हाइकाकडे परतली. फूलबाजारात ज्याचे टोपले त्याची जागा, ही रीत माझ्या आजोबांपासून आहे. आजवर त्यावरून भांडण झालेले नाही. साडेचार वाजता ती परतली, तेव्हा आपल्या शिपायाने टोपले उचलून रांगेच्या शेवटी ठेवलेले होते. मागे उभ्या गंगूबाई म्हणाल्या, "अरे बापू, ते टोपलं नाही, ते जयवंता हाय!" त्यावर शिपायाने विचारले, "टोपल्याले आधार कार्ड हाय काय?" रांगेतल्याच रुख्मिणीबाईंनी तत्काळ उत्तर दिले, "साहेबाच्या खुर्चीवर दिवसभर टावेलच बसते, त्याले कोणी इचारते काय?" सदर विधान माझे नसून मी ते केवळ नोंदवीत आहे.

३. बरोबर पाच वाजता शिपायाने खांबापासून खिडकीपर्यंत दोरी बांधली. जयवंतासह सात बाया दोरीबाहेर राहिल्या. "डेडलाइन खतम. दोरीच्या आत पाय टाकू नका," असे तो म्हणाला. वास्तविक तीन ते सव्वाचार खिडकीच बंद होती. खिडकीवरचे बाबू चहाला गेले होते. तो सव्वा तास कोणाच्या खात्यावर टाकावा, याचा खुलासा व्हावा.

४. "डेडलाइन" या शब्दाने मला दोन रात्री झोप आली नाही. सबब मी वाचनालयात ग्रंथपाल वामनराव यांजकडे गेलो. त्यांनी कोश काढून दाखविले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तेथील कैदखान्यात आतल्या बाजूने एक रेघ ठरवलेली असे. कैद्याने ती ओलांडली की पहारेकरी गोळी घाले. त्या रेघेस डेडलाइन म्हणत. पुढे छापखान्यांतून फिरत तो शब्द वेळेस लागला. याउलट आपल्या नोटिशीवर छापलेला शब्द मुदत आहे. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचे मूळ ताणणे, लांबवणे असे आहे. म्हणजे माणसास काम करण्यास दिलेला काळाचा पल्ला.

५. तेव्हा माझे स्पष्ट म्हणणे असे की, नगर परिषदेने आम्हांस पल्ला दिला होता, कैदखाना नव्हे. जयवंता मेहरे ही कैदी नाही. ती घरपट्टी भरणारी बाई आहे व पाचच्या आत आपल्या आवारात उभी होती. दोरी तिच्यापुढे बांधली गेली, हा तिचा उशीर नव्हे.

६. दोरीवरूनच सातही अर्ज घेऊन बाबूंनी त्यांवर पेन्सिलीने तो शेरा मारला व "पुढल्या साली या" असे सांगितले. पुढल्या साली ओटा दुसऱ्याचा झालेला असेल, हे त्यांनाही ठाऊक आहे. दया म्हणून एक दिवस वाढवून द्यावा, असे मी मागत नाही. सातही अर्ज १५ तारखेचेच धरून त्यावर शाईने सही करावी, इतकेच मागणे आहे.

७. येत्या सोमवारी, ऐन दिवाळीत, जयवंता नेहमीप्रमाणे ओटा क्र. ३१ वर बसेल. मी तिच्या बाजूला बसेन व झेंडू निवडीन. तिला उठवावयाचे असल्यास शिपायास पाठवू नये. आपण स्वतः यावे आणि तिच्या तोंडावर सांगावे की, बाई, तू वेळेत आली नव्हतीस.

नम्र, तरी जागेवरून न हलणारा,

सहदेव उकंडराव मेहरे
माळीपुरा, पिंपळसोंडी
दि. १७ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) जुना परवाना, झेरॉक्स.
२) रांगेतील सहा बायांचे जबाब (पैकी दोन अंगठे).
३) कोशातील उतारा, माझ्या अक्षरात, खाली वामनरावांची सही.