तीन ऑपरेशनांचा तक्ता

३ नोव्हेंबर २००३
आज पुन्हा रक्त. मयूर विहार ते मानेसर, कंपनीच्या बसमध्ये दोन तास उभा! सीट ऑफिसातल्या सक्सेनाला दिली. तो म्हणतो, "दीनानाथजी जैसा शरीफ आदमी नहीं देखा." कसला शरीफ — बसवत नाही म्हणून उभा! मूळव्याध हा शब्द चारचौघांत काढायचा कसा? वासंतीलाही सांगितलेलं नाही. वीस वर्षांच्या संसारानंतर बायकोपाशी लाजतोय मी.

५ नोव्हेंबर
नोएडाच्या सर्जनकडे जाऊन आलो. तपासणीबद्दल लिहीत नाही. आतून नीट पाहिलं, भलतंसलतं काही नाही म्हणाले. तिथेच रडू आलं. पण कोंब बाहेर येतात, आता मलमावर भागणार नाही. उपाय तीन. "सोचकर बताइए."

६ नोव्हेंबर
जन्म परचेसमध्ये गेला. तीन कोटेशनं समोर आली की हात आपोआप तक्ता आखतो. ऑफिसात नको, प्रिंटर सगळ्यांचा! घरीच आखला, आमची लेक पूर्वी, तिच्या फुलस्केपवर.
रबर बँड — कोंब आवळतात, तो आपोआप गळतो. रजा जवळजवळ नाहीच. पण माझ्या अवस्थेत पुन्हा उद्भवण्याची भीती. स्टेपलर — नवीन आहे. दुखणं कमी, आठवड्याभरात कामावर. तरी उलटू शकतं. कापून काढणं — सगळ्यात खात्रीचं. फक्त तीन-चार आठवडे संडासात देव आठवतो!

९ नोव्हेंबर
ठरत नाही. भित्रा आहे मी, दुसरं काही नाही.

१२ नोव्हेंबर
वासंतीला तक्ता सापडला! ड्रॉवरमधल्या वर्तमानपत्राखाली ठेवला होता. वाटलं, हसेल. तिचे डोळेच भरले. "अहो, एकट्याने सोसत बसलात?" मग सुरूच झाली — रात्री इसबगोल, सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात बसा, कुंथू नका. कपाटाच्या तळातून हवेची रबरी रिंगही काढून दिली. किती बारीकसारीक माहीत असतं हिला! आज जेवताना पहिल्यांदा नीट बसलो. फार बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर
स्टेपलर ठरलं. पुढच्या शुक्रवारी. तक्ता पाहून डॉक्टर हसले, "टेंडर खोला है क्या?"

१५ नोव्हेंबर
फाईलला लावायला तक्ता काढला. तळाशी पेन्सिलीने एक नवी ओळ, वासंतीचं अक्षर — 'पोळ्या लाटायला किती दिवसांनी उभं राहता येईल?' खूप हसलो. मला पोळ्यांना जुंपायचा बेत दिसतोय! उद्या चिडवतो.

१६ नोव्हेंबर
चिडवलं. ती कणीक मळत होती. मागे वळलीसुद्धा नाही.
"पूर्वीच्या बाळंतपणापासून आहे मला."
पूर्वी यंदा बारावीला आहे.