माया सोड

सोमवार, २३ जून

ती. वन्सं,

नमस्कार. मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. का आलं नाही ते मला कळतं. तरी लिहिते आहे.

तर ते पत्र लिहिलं त्या दिवशी सकाळी मी पाणी भरलं, दूध तापवलं, दुकानाची पायरी झाडली आणि शाळेच्या गणवेशाच्या चड्ड्या कापायला घेतल्या. रोजचंच. कात्री चालू असली की मला समोरच्याचं अर्धंच ऐकू येतं, असं हे म्हणायचे. तुमची भाची पायरीवर बसून चहा पीत होती आणि आमचा रोजचा वाद चालला होता. इथलं नवं काचेचं कॉलेज की तुमच्या गावातलं जुनं सरकारी?

मी म्हटलं, "चांगलं ते चांगलं. पैशाचं मी बघते."

ती म्हणाली, "आई, माया सोड जरा."

मी मान वर केली. ती यांच्या मशीनकडे बघत होती. मनात म्हटलं, पोरगी बरोबर बोलते आहे. माणूस जाऊन तीन वर्षं झाली, लोखंडाला किती दिवस कवटाळायचं?

"सोडली," मी म्हटलं.

"बरं झालं बाई!" असं म्हणून ती हसत क्लासला गेली.

त्याच दुपारी मी गल्लीच्या टोकाच्या रफूवाल्याला निरोप धाडला आणि तुम्हाला ते पत्र लिहिलं, कॉलेजच्या फीसाठी मशीन विकते आहे म्हणून. तुमच्या बाबांचं, मग तुमच्या भावाकडे आलेलं मशीन. त्याच्या पायट्यावर उभं राहून तुम्ही दोघं लहानपणी झोके घ्यायचात, हे मला ठाऊक असून मी चार ओळींत कळवलं. जास्त लिहिलं असतं तर विकता आलं नसतं.

गुरुवारी रफूवाला हातगाडी घेऊन आला. मशीनचा पट्टा काढला, मुंडी सैल केली. भला माणूस. म्हणाला, "वहिनी, अजून विचार करा. उद्या माझ्या मशीनवर शिवायला याल, आणि मी भाडं घेतो बरं का!"

तेवढ्यात पोरगी दारात.

"हे काय चाललंय?"

"तूच म्हणालीस ना, माया सोड म्हणून?"

"अगं आई, मी माया म्हणजे माया म्हणाले!"

"मग मी काय दुसरी ऐकली?"

तिनं टेबलावरची एक चड्डी उचलली, उलटी केली आणि शिवणीच्या आतल्या जादा कापडावर बोट ठेवलं. "ही माया! शिंप्याच्या घरात दुसरी कुठली असते?"

रफूवाला हातगाडीच्या दांड्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

"बाबा काय म्हणायचे?" ती म्हणाली. "पोर वाढणार, कापड अंगाबरोबर बेतू नका. इथली पहिल्या वर्षाची फी भरली की आपल्याकडे काही उरत नाही. पुढे फी वाढली, तू आजारी पडलीस, तर उसवायला कापड कुठाय? तिकडे फी झेपते, वसतिगृह आहे. मला वाटलं तू 'सोडली' म्हणालीस ते याला."

"ते सरकारी. भिंतींना पोपडे आलेत म्हणे."

"मी जाऊन बघून आले. पोपडे आहेत. पण प्रयोगशाळेत मुली स्वतःच्या हातांनी काम करतात. शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारलं मी, फी सोडून आणखी काय काय मागतात. आणि मशीन विकून तू शिवणार कशावर, माझ्या डोक्यावर?"

वन्सं, मी फार शिकलेली नाही, पण वाचते हे तुम्हाला माहीत आहे. रद्दीच्या कागदाचाही अर्थ लावून मगच पुडी बांधते. इथल्या कॉलेजची माहितीपुस्तिका मी कितीदा तरी वाचली होती. फी दर वर्षी वाढेल, हे तिच्यात बारीक अक्षरात छापलं होतं आणि त्या ओळीवरून मी दर वेळी पुढे गेले होते.

रफूवाल्यानं मुंडी परत घट्ट केली, पट्टा चढवला, मी परत केलेला विसार मोजून न बघता खिशात टाकला आणि गेला. मग पोरीनं हळूच विचारलं, "तुला मी लांब जायला नकोय ना?"

मी सुईत दोरा ओवत बसले. जाईना. तिनंच ओवून दिला.

काचेचं कॉलेज चांगलं होतं की नाही, देव जाणे. ते जवळ होतं. तिघांचं घर दोघींचं झालं, ते मी निभावलं. एकीचं करायचं माझ्या जिवावर आलं होतं आणि त्याला मी चांगलं शिक्षण म्हणत होते. हे तिच्यापुढे तोंडातून निघालं आणि वन्सं, काय सांगू, डोक्यावरची मोळी उतरावी तसं झालं. आम्ही दोघी हसलो, थोडं रडलो, आणि त्या रात्री मला पडल्या पडल्या झोप लागली.

ती आता तुमच्या गावात येते आहे. राहायची सोय झाली आहे, पैशाचं तुमच्यावर काही नाही. फक्त एखाद्या रविवारी तिला जेवायला बोलवा. तुमच्या भावासारखीच आहे, बोलते मोजकं आणि जेवते मन लावून. माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेवा.

शुक्रवारी सकाळी मी मशीनला तेल दिलं, राहिलेल्या चड्ड्या शिवल्या आणि दुपारच्या बसनं तिच्याबरोबर जाऊन तिथली फी भरली. परतताना तुमच्या दारापर्यंत आले होते. कडी वाजवली नाही.

तुमच्या भावाच्या मशीनवर कागद ठेवून लिहिणारी,
तुमची
वहिनी